धनुष्याची पाठ आणि लांकडांतील तंतूंची दिशा

धनुष्य हें मनुष्यानें अतिप्राचीन काळीं निर्माण केलेल्या यंत्रांपैकीं एक होय. यंत्र हा शब्द येथें जाणूनबुजून योजिला आहे. हातानें दगड फेंकतांना हाताची जी गति असते तीच दगडाला मिळते. धनुष्याची गोष्ट निराळी आहे. धनुर्धारी दोरी सावकाश ओढतो, त्याचे श्रम वांकलेल्या लांकडांत सांठत जातात, आणि दोरी सुटतांच तें सांठलेलें बळ क्षणार्धांत बाणाला मिळतें. म्हणजे येथें लांकूड ही बळाची कोठी आहे. ही कोठी कशामुळें टिकते व कशामुळें फुटते, एवढ्याच प्रश्नाचा या लेखांत विचार करावयाचा आहे.

आपल्या देशांत या विद्येचा विचार फार पूर्वींपासून झालेला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत आयुधागाराविषयीं जें प्रकरण आहे, त्यांत धनुष्याचे चार प्रकार सांगितले आहेत: ताडाचें, चाप नांवाच्या वेळूचें, लांकडाचें व शिंगाचें. दोरीसाठीं मूर्वा, रुई, ताग, वेळू, स्नायु इत्यादि पदार्थ दिले आहेत. हा ग्रंथ शेंकडों वर्षें दृष्टीआड होता. म्हैसूरचे पंडित शामशास्त्री यांनीं तो १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केला. त्यांतील रुई आपल्या बालाघाटाच्या माळावर पावलोपावलीं उभी असते. तिच्या चिकाला भिऊन मुलें तिच्यापासून दूर राहतात हें योग्यच आहे. परंतु तिच्या सालींतून निघणारा धागा राजाच्या शस्त्रागारांत मान मिळविण्याइतका बळकट असतो, हें फार थोड्यांना ठाऊक असेल. लांकडाच्या बाबतींतहि भाषेनें एक जुनी आठवण जपून ठेविली आहे. सह्याद्रि व सातपुडा यांच्या रानांत होणारी धामण संस्कृतांत धनुर्वृक्ष या नांवानेंहि ओळखली जाते. तिचें लांकूड चिवट व लवचिक असल्यामुळें कावडी, हत्यारांचे दांडे व गाड्यांच्या दांड्या यांकरितां तिला पुष्कळ मागणी असे.

हें ऐकून धनुष्य करूं इच्छिणारा मुलगा लगेच विचारतो कीं, आमच्याकडे धामण कोठून मिळावी? कोणत्या झाडाचें लांकूड घ्यावें? प्रश्न वाजवी आहे, परंतु तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा कीं, हातांत असलेल्या तुकड्यांत तंतू कोणत्या दिशेनें गेले आहेत? उत्तम धामणीच्या तुकड्यांत ते तिरपे गेले असतील, तर तो तुकडा चुलीच्याच उपयोगाचा. उलटपक्षीं, बांधावरच्या बोरीच्या फांदींत ते एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत अखंड असतील, तर तिचें कामापुरतें बरें धनुष्य होईल.

तंतू म्हणजे काय, हें प्रथम पाहूं. लांकूड हा मातीच्या ढेकळासारखा सर्व बाजूंनीं सारखा पदार्थ नव्हे. अत्यंत बारीक व लांबट अशा पोकळ पेशी, नळ्यांच्या जुडीप्रमाणें एकमेकींना चिकटून, बुंध्यापासून शेंड्याकडे उभ्या रचलेल्या असतात. खराट्याच्या काड्यांची घट्ट बांधलेली जुडी डोळ्यांपुढें आणावी. ती लांबीच्या दिशेनें ओढून तोडण्यास दोन बैलहि पुरणार नाहींत. पण तीच जुडी दोन बाजूंना फांकविली तर लहान मूलसुद्धां काड्या निराळ्या करील. लांकडाचेंहि असेंच आहे. तंतूंच्या दिशेनें ओढल्यास तें जितकी ओढ सहन करतें, त्याच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपासच, कित्येकदां त्याहूनहि कमी ओढ तें तंतूंना आडव्या दिशेनें सोसतें. जळणाची ढलपी कुऱ्हाडीच्या एका घावानें उभी फाटते आणि आडवी तोडण्यास दहा घाव लागतात, हा प्रत्येक घरचा अनुभव याच गोष्टीची साक्ष देतो.

आतां धनुष्य वांकतांना काय होतें तें पाहावें. लिहिलेलें खोडण्याचें लांबट रबर घेऊन त्याच्या कडेवर शाईनें सारख्या अंतरावर उभ्या रेघा काढाव्या आणि तें वांकवावें. बाहेरच्या बाजूस रेघा एकमेकींपासून दूर जातात. आंतल्या बाजूस त्या जवळ येतात. मध्यभागीं त्यांचें अंतर होतें तेवढेंच राहतें. धनुष्यांत अगदीं हेंच घडतें. धनुर्धाऱ्याच्या समोरची, म्हणजे लक्ष्याकडील बाजू, तिला आपण पाठ म्हणूं. ती ताणली जाते. त्याच्या स्वतःकडील बाजू, तिला पोट म्हणूं. तें दाबलें जातें. लांकूड एकच, क्षणहि एकच, पण एका अंगाला ओढ व दुसऱ्या अंगाला दाब. पाठ व पोट हे दोन शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावे. पुढील सर्व विवेचन त्यांच्यावर अवलंबून आहे.

येथें एक कोडें उभें राहतें, आणि वर्गांतील हुशार मुलानें तें स्वतः होऊन विचारावें असें आहे. निर्दोष व सरळ तंतूंचें लांकूड लांबीच्या दिशेनें दाबापेक्षां ओढ अधिक सोसतें. साधारणपणें दुपटीच्या आसपास. असें असतां मोडलेलीं धनुष्यें बहुधा पाठीकडून कां मोडतात? अधिक बळकट बाजू आधीं कां जावी? याचें उत्तर दोन भागांत आहे. पहिला भाग असा कीं, दाबानें हार खाणारें लांकूड हळूहळू हार खातें. पोटावर बारीक सुरकुत्या पडतात, धनुष्य थोडें कुबड काढतें, त्याचें बळ कमी होतें, परंतु तें हातांत राहतें. ओढीनें हार खाणारें लांकूड मात्र पूर्वसूचना न देतां एका क्षणांत तुटतें. दुसरा भाग याहून महत्त्वाचा आहे. ओढ सोसण्याचें तें मोठें सामर्थ्य तंतू अखंड असतील तरच असतें. तंतू तिरपा असून पाठीच्या पृष्ठभागावर येऊन संपला, म्हणजे ओढीला धरावयास धागाच उरत नाहीं. उरतो तो केवळ दोन तंतूंमधील चिकटपणा, आणि तो किती दुबळा आहे हें खराट्याच्या उदाहरणांत आपण पाहिलेंच.

अमेरिकेंत मॅडिसन या शहरीं १९१० मध्यें स्थापन झालेली लांकडाच्या संशोधनाची सरकारी प्रयोगशाळा आहे. तेथें ठरविलेले आंकडे या बाबतींत फार बोलके आहेत. सरळ तंतूंच्या तुळईची वांकतांना मोडण्यापूर्वींची ताकद १०० धरिली, तर २५ इंच लांबींत १ इंच तिरपेपणा असल्यास ती ९६ राहते. २० इंचांत १ इंच असल्यास ९३. १५ इंचांत १ इंच असल्यास ८९. १० इंचांत १ इंच असल्यास ८१. आणि ५ इंचांत १ इंच असल्यास अवघी ५५. आतां याच तिरपेपणाचा केवळ दाबावर काय परिणाम होतो तें पाहा: १५ इंचांत १ इंच असतांहि ती शक्ति १०० च राहते, १० इंचांत १ इंच असतां ९९, आणि ५ इंचांत १ इंच असतां ९३. म्हणजे जो दोष पाठीला घातक, तोच पोटाला जवळजवळ जाणवतहि नाहीं. धनुष्य करणाऱ्यानें आपली सारी काळजी कोणत्या बाजूवर खर्च करावी, हें या आंकड्यांवरून उघड होतें.

आणखी एक हिशेब मुलांनीं त्रैराशिकानें स्वतः करावा. पांच फूट लांबीचें, दीड इंच रुंद व अर्धा इंच जाड असें धनुष्य आहे. त्यांत २० इंचांस १ इंच एवढाच तिरपेपणा आहे. वर पाहिल्याप्रमाणें हा कांहीं मोठा दोष वाटत नाहीं. तो रुंदीच्या दिशेनें असेल, तर एका कडेवरचा तंतू दुसऱ्या कडेला पोंचावयास ३० इंच लागतील. पण तोच तिरपेपणा जाडीच्या दिशेनें असेल, तर पोटावरून निघालेला तंतू १० इंचांतच पाठीवर येऊन संपेल; म्हणजे पांच फुटांच्या धनुष्यांत पाठीपासून पोटापर्यंत आरपार जाणाऱ्या सहा तिरप्या फाटी जणूं तयारच ठेविल्या आहेत. म्हणून तुकडा पारखतांना तो वरूनच पाहून भागत नाहीं. त्याची कडहि पाहिली पाहिजे, आणि दोहोंत कडेचा पुरावा अधिक महत्त्वाचा.

करवतीनें कापलेली पट्टी कितीहि सरळ दिसली तरी तिच्यावर विश्वास टाकूं नये असें मी मुलांना नेहमीं सांगत असतों, त्याचें कारण हेंच. करवतीला तंतूंची पर्वा नसते. ती सुताच्या दोरीनें आंखलेल्या रेघेवरून जाते आणि वाटेंत येणारे तंतू कापीत सुटते. कडा सरळ होतात. तंतू मात्र जसे होते तसेच राहतात. एका स्नेहसंमेलनाच्या तालमींत एकलव्याचें काम करणाऱ्या मुलानें वखारींतून आणलेल्या अशाच एका सुबक पट्टीचें धनुष्य केलें होतें. रंग लाविला होता, टोंकांना जरीचे गोंडे होते. तिसऱ्या वेळेस ओढतांच तें मुठीच्या वर मोडलें व वरचा तुकडा त्याच्या गालाला लागला. जखम दोन बोटें वर झाली असती तर डोळा गेला असता. तुकडे जुळवून पाहिले तेव्हां मोडीचा आकार बोरूची लेखणी छाटावी तसा लांब व तिरपा होता. तेथें लांकूड तुटलें नव्हतेंच. तें तंतूंच्या मधून नुसतें सोललें गेलें होतें.

मोड पाहून कारण ओळखणें ही कला शिकण्यासारखी आहे. लेखणीसारखी तिरपी व गुळगुळीत मोड म्हणजे तंतूंची दिशा चुकली. ब्रशासारखे लांब कुसळ निघालेली, फुललेली मोड म्हणजे तंतू सरळ होते, पण त्यांच्यावर शक्तीपलीकडे भार पडला. अशा धनुष्याला दोष न देतां ओढणाऱ्याला द्यावा. गाजर मोडल्याप्रमाणें आडवी, आंखूड मोड म्हणजे लांकूड मुळांतच कुजकें, किडकें किंवा फाजील उष्णतेनें ठिसूळ झालेलें. आगपेटींतील लांकडाच्या वीस काड्या एकेक मोडून त्यांचे असे वर्ग करून पाहावे. अर्ध्या तासाचा खेळ आहे आणि त्यांत बराच पाठ आहे.

मग तुकडा मिळवावा कसा? करवतीनें कापून नव्हे, तर पाचर ठोकून फोडून. ओंडक्याच्या टोंकाला पाचर लाविली कीं फाट आपोआप तंतूंच्या मधून वाट काढीत जाते. ती तंतू तोडीत नाहीं. फोडलेला तुकडा वेडावांकडा निघाला तर निघूं द्यावा. त्याच्या वांकांबरोबर धनुष्यहि थोडें वांकडें होईल, पण तंतू अखंड राहतील. दिसण्यांत सरळ व आंतून तुटलेलें धनुष्य आणि दिसण्यांत नागमोडी पण आंतून अखंड असलेलें धनुष्य, यांपैकीं जाणता कारागीर दुसरें निवडतो. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचें मेरी रोझ नांवाचें जहाज १५४५ सालीं बुडालें. १९८२ मध्यें तें समुद्रतळांतून वर काढण्यांत आलें. त्या जहाजावर शंभराहून अधिक अखंड धनुष्यें मिळालीं. तीं यू नांवाच्या झाडाचीं आहेत; या झाडाची एक जात हिमालयांतहि होते व गढवालाकडे तिला थुनेर म्हणतात. त्या कारागिरांनीं सालीलगतचें पांढुरकें, ओढ सोसणारें लांकूड पाठीस ठेविलें आणि गाभ्याचें तांबूस, दाब सोसणारें लांकूड पोटास घेतलें. एकाच खोडांत निसर्गानें शेजारीं शेजारीं ठेविलेल्या दोन गुणांचा असा उपयोग त्यांनीं करून घेतला. योगायोग असा कीं, त्याच १५४५ सालीं रॉजर ॲस्कम या विद्वानानें धनुर्विद्येवर टॉक्सोफिलस नांवाचा संवादरूप ग्रंथ प्रसिद्ध करून हेन्री राजास अर्पण केला. हाच ॲस्कम पुढें राजकन्या एलिझाबेथ हिचा शिक्षक झाला. ग्रीक भाषेचा पंडित धनुष्याच्या लांकडाच्या निवडीवर गंभीरपणें लिहितो, हें पाहून शिक्षकाच्या पेशांतील मनुष्यास थोडी धिटाई येते.

आतां तंतू डोळ्यांनीं कसे वाचावे, हा सर्वांत नाजूक भाग. येथें बहुतेकांची एक गफलत होते. फळीवर ज्या सुंदर रेघा दिसतात, कोठें समांतर, कोठें दिव्याच्या ज्योतीसारख्या निमुळत्या, त्यांनाच ते तंतू समजतात. त्या रेघा तंतू नव्हेत. त्या वलयांच्या कडा आहेत. झाड दरवर्षीं सालीखालीं नव्या लांकडाचा एक थर चढवितें. सागासारख्या झाडांत हे थर स्पष्ट दिसतात, कारण हंगामाच्या आरंभीं वाढलेल्या भागांत मोठीं छिद्रें असतात व पुढील भाग घट्ट असतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञानाच्या संस्थेंत सागाच्या अशा वलयांची रुंदी मोजून गतकाळच्या पावसाचा माग काढण्याचें काम झालेलें आहे. कमी पावसाच्या वर्षाचें वलय बहुधा अरुंद असतें. बाभळींत मात्र हीं वलयें इतकीं अस्पष्ट असतात कीं सरावलेल्या डोळ्यासहि मोजतां येत नाहींत. हे थर म्हणजे एकांत एक बसविलेल्या लांब टोप्या आहेत असें समजा. करवत त्या टोप्यांना तिरपी छेदून गेली कीं फळीवर ज्योतीचा आकार उमटतो. यावरून थर कोठें कापले गेले एवढें कळतें. पण त्या थरांतल्या थरांत तंतू उभे गेले आहेत कीं बाजूस कलले आहेत, हें त्या आकृतीवरून मुळींच कळत नाहीं. थर व तंतू हे दोन निरनिराळे साक्षीदार आहेत, आणि दोघांचीहि जबानी घेतली पाहिजे.

थरांची साक्ष कडेवरून घ्यावी. तुकड्याच्या कडेवरच्या रेघा टोंकापर्यंत पाठीशीं समांतर जात असतील तर उत्तम. त्या पाठीवर येऊन संपत असतील तर तेथें धोका. तंतूंची साक्ष घेण्याचे उपाय अनेक आहेत. वाळलेल्या लांकडावर ज्या बारीक भेगा पडतात, त्या नेहमीं तंतूंच्या दिशेनेंच पडतात, त्यांच्याकडे पाहावें. भेगा नसतील तर रंधा मारलेल्या स्वच्छ पृष्ठभागावर पातळ शाईचा एक थेंब सोडावा; तो आडवा थोडा पसरतो, पण तंतूंच्या दिशेनें लांब धांवतो, आणि त्या धांवेची दिशा हीच तंतूंची दिशा. रंध्यालाहि ही दिशा कळते. एका बाजूनें चालविला असतां तो रेशमासारखा सोलतो, उलट बाजूनें चालविला असतां लांकूड उचकटतें. आणि शेवटचा, निर्विवाद उपाय म्हणजे टोंकाची एक ढलपी फोडून पाहणें. ती ज्या बाजूस कलेल त्या बाजूस तंतू कलले आहेत.

ज्याला ही सारी परीक्षा अवघड वाटेल त्याच्यासाठीं एक सोपा मार्ग आहे, आणि शाळेंतील मुलांना मी तोच सुचवीन. मनगटाहून थोडी बारीक, सरळ वाढलेली, बिनगांठीची फांदी घ्यावी. तिची साल काढल्यावर जो पृष्ठभाग दिसतो तेंच झाडाचें सर्वांत ताजें वलय. तें निसर्गतःच अखंड असतें. तीच पाठ समजावी व तिला सुरी, कानस किंवा काचकागद कांहीं लावूं नये. जें तासावयाचें तें पोटाकडून व कडांकडून तासावें. फांदी मात्र छाटणीची असावी. वृक्षतोडीचें नियमन करणारा कायदा महाराष्ट्रांत १९६४ सालचा आहे, आणि कायदा नसता तरी आपल्या भागांत एका खेळण्यासाठीं उभें झाड पाडण्याइतकीं झाडें कोठें आहेत?

कांहीं झाडांचे तंतू सरळ न जातां दोरीच्या पिळाप्रमाणें खोडाभोंवतीं फिरत वर जातात. निलगिरीचा वाळलेला वासा पाहावा. पुष्कळदां त्याच्यावरील भेग जिन्यासारखी वळत गेलेली दिसते. कडुलिंबांत याहून चमत्कारिक प्रकार आढळतो: थोडीं वर्षें तंतू एका अंगाला कलतात, पुढें कांहीं वर्षें दुसऱ्या अंगाला, त्यामुळें त्याचा ओंडका फोडतांना फाट सरळ जात नाहीं, एकमेकांत अडकलेल्या बोटांसारखें लांकूड सुटतां सुटत नाहीं. असें लांकूड दाराच्या चौकटीस चालेल, धनुष्यास नाहीं. पीळ असलेल्या लांकडाचें धनुष्य मोडलें नाहीं तरी वाळतांना मुरडतें, दोरी मधोमध न राहतां एका कडेस सरकते, आणि नेम धरावा एकीकडे तर बाण जातो भलतीकडे. पवित्र शास्त्रांत स्तोत्रसंहितेच्या ७८ व्या स्तोत्रांत व होशेय संदेष्ट्याच्या ७ व्या अध्यायांत बहकलेल्या लोकांना फसव्या धनुष्याची उपमा दिली आहे. मुरडलेलें धनुष्य एकदां हातीं धरलेल्या मनुष्यास ती उपमा समजावून सांगावी लागत नाहीं.

गांठीविषयीं थोडक्यांत सांगतों. गांठ म्हणजे पूर्वींच्या फांदीचें मूळ. ओढ्याचें पाणी खडकाला वळसा घालून जातें त्याप्रमाणें तंतू गांठीला वळसा घालून जातात. गांठ पाठीवर आलीच तर ती तासून सपाट करूं नये. तिच्याभोंवतीं लांकूड थोडें उंच व रुंद राखावें, म्हणजे वळसा घेणारे तंतू कापले जात नाहींत.

खानदेशांतील व सातपुड्यांतील भिल्लांचा तीरकमठा प्रसिद्ध आहे. तो वेळूचा असतो, आणि त्याची दोरीहि वेळूच्याच सालीची चिवट पट्टी असते. आमच्या शाळकरी पुस्तकांत हें साधेपणाचें लक्षण म्हणून सांगितलेलें आढळतें. माझ्या मतें तें ज्ञानाचें लक्षण आहे. वेळूंत वलयें नाहींत. दोन पेरांच्या मधल्या भागांत त्याचे तंतू अगदीं सरळ उभे जातात, आणि ते बाहेरच्या सालीलगत सर्वांत दाट असतात, आंत विरळ होत जातात. म्हणजे ज्या गोष्टीसाठीं लांकडाच्या कारागिरास इतकी पारख करावी लागते, ती वेळूंत तयारच मिळते. केवळ पेरापाशीं तंतू वळतात व एकमेकांस ओलांडतात, म्हणून तेथें तासतांना हात संभाळावा. वेळूचें धनुष्य करणाऱ्या मुलानें बाहेरची हिरवी, चकचकीत साल पाठीस ठेवावी व आंतला मऊ भाग पोटाकडून काढावा. १९२३ सालीं कोणी असें सांगितलें असतें कीं शंभर वर्षांनंतर नागपूरचा एक तरुण व सातारची एक शाळकरी वयाची मुलगी धनुर्विद्येंत जगज्जेते होतील, तर तें कोणी खरें मानलें नसतें. परंतु ऑगस्ट २०२३ मध्यें बर्लिन येथें ओजस देवतळे व अदिती स्वामी यांनीं कंपाउंड धनुष्याच्या प्रकारांत वैयक्तिक जगज्जेतेपद मिळविलें. तीं धनुष्यें लांकडाचीं नसतात. पण त्यांचे बाहू ज्या कांचेच्या किंवा कार्बनच्या धाग्यांनीं बनवितात, ते धागे मुख्यतः बाहूच्या लांबीच्याच दिशेनें बसविलेले असतात. वेळूनें जें आपोआप केलें तेंच कारखान्यांत मुद्दाम करावें लागतें.

बाकीच्या कृतीबद्दल फार लिहिण्याचें कारण नाहीं. लांकूड सावलींत वाळवावें. आपल्याकडील वैशाखाच्या उन्हांत तें टोंकांकडून भराभर तडकतें, म्हणून दोन्ही टोंकांस मेण किंवा रंग लावून ठेवावा. पुरतें वाळण्यास महिने लागतात. दोन्ही बाहू सारखे वांकतात कीं नाहीं हें पुनःपुन्हां पाहून, जेथें कमी वांकतें तेथें पोटाकडून थोडें थोडें तासावें. एकदम पूर्ण ओढ देऊं नये. बाण न लावतां ओढलेली दोरी कधींहि सोडूं नये, कारण सांठलेलें बळ न्यावयास बाण नसला तर तें लांकडावरच उलटतें. आणि बाण बोथट असो वा खेळांतला असो, तो मनुष्याकडे किंवा जनावराकडे रोखणाऱ्या मुलाच्या हातून धनुष्य त्याच दिवशीं काढून घ्यावें, अशी पालकांस विनंति आहे.

ज्यांच्या घरीं धनुष्य कधींच येणार नाहीं त्यांच्याहि घरीं कुऱ्हाड आहे, कुदळ आहे, खोरें आहे. मॅडिसनच्या त्याच कोष्टकांत एकदम बसणाऱ्या धक्क्याचा रकाना निराळा आहे, आणि तो अधिक कडक आहे: १० इंचांत १ इंच तिरपेपणा असतां धक्का सोसण्याची शक्ति १०० वरून ६२ वर येते, आणि ५ इंचांत १ इंच असतां ३६ वर. कुऱ्हाडीचा दांडा प्रत्येक घावाला असाच धक्का खातो, आणि तो मोडला म्हणजे पातें कोठें उडेल याचा नेम नसतो. म्हणून नेकनूरच्या बाजारांत दांडा घेतांना तो नुसता हातांत तोलून घेऊं नये. तो डोळ्यासमोर आडवा धरावा, एका टोंकाजवळची एक रेघ निवडावी आणि बोट तिच्यावर ठेवून दुसऱ्या टोंकाकडे न्यावें. रेघ टोंकापर्यंत बोटाखालीं राहिली तर कडेवरून तसेंच एकदां पाहावें. मध्येंच ती कडेवरून खालीं उतरली, तर दांडा कितीहि गुळगुळीत असो, तो परत ठेवून ढिगांतला दुसरा उचलावा.